गुरूचे चंद्र, आमची गच्ची आणि पेणला गेलेला पाइप

रोह्याहून वरसेला येताना मिनीडोरमध्ये माझ्यासमोर दोघी बसल्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "म्हात्र्यांची सून गेली गो पेणला माहेरी. कायमची! आणि जाताना काय नेलंन ठाऊक हाय? नवऱ्याचं ते..."

आणि नेमका तेवढ्यात त्यांचा स्टॉप आला! दोघी उतरल्या. मीही उतरणार होते, पण मांडीवर कोळंबीची पिशवी, त्यातून पाणी गळतंय, आणि बाजूला एक आजोबा झोपलेले. मिनीडोर सुटली. नवऱ्याचं काय नेलं, ते हवेतच राहिलं!

म्हात्र्यांची सून म्हणजे आमच्या समोरच्या दाराची सुलभा. प्रकाश म्हात्रेची बायको. प्रकाश धाटावला एका कंपनीत शिफ्टला जातो, आणि उरलेला वेळ आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर असतो. त्या गच्चीवर एका हिवाळ्यात एवढे किस्से झाले, की मला कोणी रिकामी भेटली तर मी कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. एक सांगायला जावं तर दुसरा म्हणतो आधी मी. पण ही पेणची भानगड कळायची तर सगळे ओळीनंच ऐकावे लागतील.

*

पहिल्यांदा प्रकाशनं गच्चीवर पाइप नेला तेव्हा सोसायटीत बोंबाबोंब झाली. चांगला माणसाच्या कमरेएवढा उंच, जाडजूड पांढरा पाइप! सगळ्यांना वाटलं, हा टाकीतून स्वतःची वेगळी लाइन ओढतोय. सगळ्यांच्या वतीनं बघायला कोण गेलं? मीच गेले.

बघते तर पाइप आभाळाकडे तोंड करून उभा! प्रकाशनं स्वतः आरसा घासून बनवलेली ती दुर्बीण होती. म्हणाला, "या काकू, डोळा लावा."

लावला. एक वाटोळा पिवळा ठिपका आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीत चार बारीक ठिपके.

"तो गुरू. आणि ते त्याचे चार मोठे चंद्र. बारीकसारीक अजून हायत पुष्कळ."

"चार? आणि आपल्याला एकच?"

"आपली सोसायटी लहान ना काकू!"

मग त्यानं सांगितलं, की या वर्षी हे चंद्र एकमेकांच्या आड येतायत. मी म्हटलं, त्यात काय एवढं? फिरतायत तर येणारच. तर म्हणाला, "तसं नाय. मळणीचे बैल खळ्यावर फिरताना बघितलेत ना? माडावर चढून वरून बघितलं तर एक बैल दुसऱ्याच्या आड येत नाय. पण खळ्याच्या कडेला उकिडवं बसून बघितलं तर?"

"तर येतो की!"

"बस्स. दर सहाएक वर्षांनी आपण असे कडेला बसतो, तेही थोडे महिने. एक चंद्र दुसऱ्याच्या आड गेला की ते पिधान, सावलीत गेला की ग्रहण. काही मिनिटं उजेड कमी होतो. तो कधी उतरला, किती उतरला, कधी भरला, एवढं नोंदून परदेशातल्या शास्त्रज्ञांना पाठवायचं. त्यावरून ते चंद्रांच्या वाटा पक्क्या करतात. मला या सीझनमध्ये एक तरी पिधान पहिल्यापासून शेवटपर्यंत पकडायचंय. एक तरी!"

मी दहावी पास, तीही गणितात ग्रेसवर. पण खळ्याचं म्हणाला ते मला असं कळलं, की खाली येऊन मी ते चौघींना समजावलं. त्यातली एक म्हणाली, "म्हणजे पाण्याची लाइन नाय ना? मग करू दे काय करतो ते!"

*

ग्रहण म्हटल्यावर मी विचारलं, "वेध कधीपासून पाळायचे?" आमच्याकडे दुधादह्यावर तुळशीचं पान ठेवल्याशिवाय ग्रहण सुटत नाही.

प्रकाश म्हणाला, "काकू, या आठवड्यात तीन हायत."

तीन! म्हणजे आमचे हे उपाशीच की! मी काळजीत पडले, तर सुलभा टॉर्च धरून मागे उभी होती, ती म्हणाली, "तुम्ही जेवा हो काकू. ते गुरूचं ग्रहण हाय. तिकडच्या सुना पाळतील!"

सुलभाचं माहेर पेणचं, घरात गणपतीचा कारखाना. लहानपणापासून मूर्तींमध्ये वाढलेली, त्यामुळे हात स्थिर. पाइप हलवायचा, स्क्रू पिळायचे, चंद्र मध्यावर आणून ठेवायचा, हे सगळं तीच करायची. प्रकाश फक्त "आलं, आलं!" म्हणून ओरडायचा.

*

उजेड मोजायला प्रकाशनं दुकानात लावतात तसला सीसीटीव्हीचा कॅमेरा आणून पाइपाला जोडला. झालं! समोरच्या विंगमधली एक बाई तरातरा गच्चीवर आली. "आमच्या किचनमध्ये बघता? लाज नाय वाटत?"

प्रकाश बिचारा गांगरला. म्हणाला, "ताई, आम्ही गुरू बघतो. आणि तुमचं किचन यात उलटं दिसेल."

"उलटं म्हणजे? दाखवा!"

पाइप किचनकडे वळवला. बाई लॅपटॉपच्या पडद्याकडे बघतायत. गॅस वर, छत खाली. आणि अचानक किंचाळल्या, "अगो बाई! दूध! दूध वर चाललंय!"

चार मजले उतरून, पलीकडचे तीन चढून गेल्या. दूध गेलं ते गेलंच. पण दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी खिडकीतून हाक यायची, "म्हात्रे, जरा बघा हो, गॅस बंद केलाय का मी?"

*

या कामात वेळ अगदी पक्की लागते. प्रकाशचे जोडीदार पाटीलसर, भूगोल शिकवून रिटायर झालेले, तळमजल्यावर राहतात. ते म्हणाले, "मोबाइलबिबाइल सोड. कंपनीचा भोंगा म्हणजे घड्याळाचा बाप! तीस वर्षं मी भोंग्यावर घड्याळ लावतोय."

लावलं घड्याळ भोंग्यावर. पिधान बघितलं. वेळ आली तर शास्त्रज्ञांनी सांगितलेल्या वेळेच्या किती तरी पुढे! सरांना आनंद मावेना. "प्रकाश, त्यांचं गणित चुकलंय! कळव त्यांना, भिऊ नको!"

आणि या शहाण्यानं कळवलं! उत्तर फार नम्र आलं: आपलं घड्याळ कृपया पुन्हा तपासावं.

दुसऱ्या दिवशी प्रकाशनं भोंगा वाजवणाऱ्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, "मी कँटीनचं घड्याळ बघून वाजवतो."

कँटीनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मी मुद्दाम पुढं ठेवलंय. नायतर तुम्ही लोक जेवायला बसलात की उठता कुठं?"

सर त्या दिवशी गच्चीवर आले नाहीत. तीस वर्षं शाळेत सगळ्यांच्या आधी पोचल्याचा त्यांना फार अभिमान होता हो!

तेव्हापासून नियम झाला. रेडिओ शेजारी ठेवायचा, बातम्यांच्या आधीची टिकटिक रेकॉर्डिंगमध्ये घ्यायची. चित्र आणि आवाज एकत्र. आणि कॅमेरा चालू असताना गच्चीवर कोणी बोलायचं नाही. हे सांगताना सगळे माझ्याकडेच का बघत होते, देव जाणे.

*

आता लुंगीचं. हे जरा नाजूक आहे, कारण लुंगी आमच्या ह्यांची.

सुलभाच्या भावाचा साखरपुडा पेणला होता. त्याच संध्याकाळी मोठं पिधान. सुलभा म्हणाली, "एक दिवस सोडा. एकच भाऊ हाय मला." प्रकाश म्हणाला, "तू हो पुढं, मी हे उरकून येतो." ती गेली. हा पाइपाला चिकटला.

पडद्यावर दोन ठिपके जवळ जवळ आले. एक झाले. उजेड उतरायला लागला... आणि एकदम शून्य! मग परत पूर्ण. मग परत शून्य! पाटीलसर उठून उभेच राहिले. खुणेनंच विचारतायत, हे काय? असं तर कुणी लिहिलेलं नाही! शेवटी नियम मोडून ओरडले, "प्रकाश, मध्ये काहीतरी वेगळंच हाय! नवीन चंद्र!"

मी मागे वळून दोरीकडे बघितलं. वारा सुटला होता. आमच्या ह्यांची निळी चौकड्याची लुंगी पाइपाच्या तोंडापुढं मजेत झुलत होती.

"सर," मी म्हटलं, "तो आमचा हाय."

पिधान फुकट गेलं. साखरपुडाही गेला. प्रकाश पेणला पोचला तेव्हा मंडपवाला खुर्च्या आवरत होता. त्या दिवसापासून सुलभा त्याच्याशी कामापुरतं बोलायची. "जेवायला वाढलंय." "दूध संपलंय." बस्स. टॉर्च धरायलाही आली नाही.

*

आणि मग ती मिनीडोरची दुपार.

त्या दिवशी सीझनमधलं शेवटचं चांगलं पिधान होतं. त्यानंतर गुरूचे चंद्र पुन्हा आपापल्या वाटेनं, आणि प्रकाश सहा वर्षं हात चोळत! म्हणून त्यानं हातापाया पडून पहिली शिफ्ट मागून घेतली होती. पण दुपारी त्याचा रिलिव्हर आलाच नाही. जागेवर दुसरा माणूस आल्याशिवाय प्लांट सोडता येत नाही. अडकला! त्यानं सरांना फोन केला, "सर, तुम्ही पाइप लावा. सुलभाला सांगा, चावी तिच्याकडं हाय."

सरांनी बघितलं तर दाराला कुलूप. आमच्या ह्यांनी समोरच्या दारातून सांगितलं, की पाइप तर सकाळीच खाली गेला. सरांनी प्रकाशला फोन लावला, "अरे, पाइप गेला! आणि सुलभाही गेली!"

तिकडून प्रकाश ओरडला, "पाइप गेला?"

सर म्हणतात, हे वाक्य त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. मला तेवढं सांगितलं.

मी मात्र तोवर पेणच्या एसटीत होते. कोळंबी ह्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, पापड संपलेत, पेणला जाते. घरात पापडाचे दोन डबे भरलेले होते, पण माणसाला कळायला नको का काय झालंय ते?

सुलभाच्या माहेरी पोचेपर्यंत अंधार पडला होता. तिची आई म्हणाली, वर गच्चीवर आहे. मी जिन्यातूनच सुरू केलं, "अगो सुलभा, लोक काय काय बोलतायत! खरंच कायमची आलीस? नवऱ्याचं काय घेऊन आलीस ते तरी सांग!"

वर गेले आणि थांबलेच. गच्चीभर सुकत ठेवलेले पांढरे गणपती, रांगाच रांगा. मधोमध तो पाइप, गुरूकडे तोंड करून. कॅमेरा चालू. रेडिओ शेजारी. पडद्यावर दोन ठिपके एकमेकांना भिडत आलेले.

सुलभानं ओठांवर बोट ठेवलं. मग कॅमेऱ्याकडे बघितलं. आणि बोट काढून घेतलं.

"निघाले तेव्हा खरंच कायमची निघाले होते, काकू," ती म्हणाली. चांगल्या मोठ्या आवाजात. "म्हटलं पाइप नेते, म्हणजे कळेल ह्यांना, घरातलं माणूस गेलं की कसं वाटतं. नागोठण्यापर्यंत नुसता राग राग. भावाच्या साखरपुड्यात सगळे विचारतायत, जावई कुठं, जावई कुठं. मी काय सांगू? लुंगी बघत बसलेत?"

बोलता बोलता हात पाइपावरच. ठिपका सरकला की अलगद मध्यावर आणायची.

"मला काय ते चंद्र आवडत नाहीत? सगळा हिवाळा उभी राहिले ना! पण एकदा तरी म्हणावं माणसानं, की सुलभा, तू होतीस म्हणून..." ती थांबली. पडद्यावरचा ठिपका हळूहळू मंद होत होता. आम्ही दोघी बघत राहिलो. मी! गप्प! मग तो पुन्हा भरत गेला, आणि एकाचे दोन झाले.

"मग पाइप लावलास कशाला?" मी हळूच विचारलं.

"सहा वर्षं, काकू. एवढं वाईट कुणाचं करवत नाय."

रेडिओवर टिकटिक झाली. तिनं कॅमेरा बंद केला.

*

सकाळी पहिल्या गाडीनं प्रकाश आला. मी मुक्कामालाच होते, निघणार कशी? तो दारातच उभा. आत येऊ का नको. सुलभानं लॅपटॉप पुढे सरकवला. त्यानं कानाला हेडफोन लावले आणि बसला.

आम्ही पोहे खात त्याच्याकडे बघत होतो. आधी चेहरा उजळला. मग हळूहळू उतरत गेला. मधे बराच वेळ अगदी मंद. डोळे पुसले, परत मागे घेऊन ऐकलं.

शेवटी हेडफोन काढून म्हणाला, "पूर्ण आलंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत. पण... आवाज कापता येत नाय. टिकटिक दोन्ही टोकांना, मधलं सगळं ऐकावंच लागतं."

"म्हणून तर बोलले," सुलभा म्हणाली आणि त्याच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली.

दुपारच्या गाडीनं आम्ही तिघं आणि पाइप वरसेला परत आलो. नाक्यावर त्याच दोघी उभ्या होत्या. मी सांगितलं, "गेली होती हे खरं. कायमची हे निम्मं खरं. आणि नेलं होतं ते चांगलं अख्खं परत आलंय!"

रेकॉर्डिंग आवाजासकट तसंच परदेशी गेलं. निरीक्षक म्हणून प्रकाशनं सुलभाचं नाव घातलं. मी म्हटलं, "अरे, घरचं सगळं बाहेर जाईल!" तो म्हणाला, "जाऊ दे काकू. तिकडं कुणाला कळतंय मराठी?"

काही आठवड्यांनी उत्तर आलं. वरती इंग्रजीत होतं: नोंद उत्कृष्ट आहे, वेळ अचूक आहे, सुलभा म्हात्रे यांचे आभार. आणि अगदी तळाशी, स्वच्छ मराठीत, एकच ओळ:

"म्हात्रेसाहेब, साखरपुड्याला जायला हवं होतं हो!"