राफिलाच्या चौकटीवरची जुडी

आव्राम जन्मला तेव्हा त्याच्या कण्याच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा कोंब होता, असं सुईण साफ्ता सांगायची. ही गोष्ट बाहेर फुटणार नाही असं वचन तिने त्याच्या आईला दिलं, आणि संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक बाईकडून तेच वचन घेतलं. त्यात तो सातवा मुलगा, आणि भुवया नाकावर जुळलेल्या. माणूस लांडगा होतो हे ठरवायला आमच्या डोंगरात एवढा पुरावा पुष्कळ झाला. जमिनीच्या भांडणाला आम्ही याहून जास्त मागतो.

लांडगामाणसावर उपाय म्हणजे बचनाग. ऑगस्टमध्ये कुरणाच्या वरच्या अंगाला त्याचे निळे तुरे येतात, प्रत्येक फूल साधूच्या टोपीसारखं. हाताला फडकं गुंडाळून ते तोडायचं, वाळवायचं, आणि नोव्हेंबरच्या शेवटी संत आंद्रेईच्या सणाला, म्हणजे लांडग्यांच्या दिवशी, नवी जुडी चौकटीवर टांगायची. साधा माणूस तिच्याखालून बिनघोर जातो. लांडगामाणूस गेला तर तिथेच कोसळतो. कोसळलेला आम्ही कुणी पाहिला नव्हता, पण जुडी टांगायचं कुणी सोडलं नव्हतं.

आव्राम घरांच्या छपरांवर लाकडी फळ्या बसवायचा. चाळीस वर्षांत तो गावातल्या प्रत्येक घराच्या डोक्यावर बसला, पण एकाही घरात त्याने पाय टाकला नाही. जेवण शिडीने वर जायचं. कुणी आत बोलावलं तर तो म्हणे, "माझी उंची बघा आणि तुमची दारं बघा. कपाळमोक्ष करून घेऊ का?" उंची होतीच म्हणा. पण चर्चचं दारही काही उंच नव्हतं, आणि तिथे तो दर रविवारी वाकून जायचा. चर्चला जुडी नव्हती.

लांडगेपणाचे फायदेही होते. गिरणीत त्याचं पोतं पहिलं दळलं जाई. अंधाराआधी तो घरी गेलेला सगळ्यांनाच बरा. कुणाची मेंढी गेली की तो माणूस आव्रामकडे येऊन अजिजीने म्हणायचा, "दादा, तुझ्या मंडळींना जरा समज दे की." आव्रामही मान डोलावून "सांगून बघतो" म्हणायचा. मात्र माझ्यासारख्या चार जवळच्यांत बसला की स्वतःलाच हसायचा. म्हणायचा, "असला कसला रे मी लांडगा? साठ वर्षं कोबी खातोय. कुत्रं भुंकलं की शिडीवर चढतो. खऱ्या लांडग्यांना कळलं तर मला वाळीत टाकतील."

एवढं हसणारा माणूस जुडीखालून एकदा जाऊन मोकळा का झाला नाही? कारण त्याला स्वतःचीच खात्री नव्हती. आंद्रेईच्या रात्री तो आपला पाय खाटेला बांधून झोपायचा. सकाळी गाठ जशीच्या तशी असायची. मग दिवसभर विचार करायचा, की ज्याला गाठ बांधता येते त्याला ती सोडून पुन्हा बांधताही येत असेल. पंचविशीत पलीकडच्या खोऱ्यातली एक मुलगी ठरत आली होती. तिचा बाप जुडीखाली दारूचा पेला घेऊन स्वागताला उभा राहिला, आणि आव्राम अंगणातूनच हवापाण्याच्या गप्पा मारून घरी परतला.

राफिला त्याच्याच वयाची. तिचा नवरा पिंतेआ गेला त्याला चार वर्षं झाली. त्याच वर्षी आंद्रेईच्या सणाआधी तिने छपरासाठी आव्रामला बोलावलं. तो वर खिळे ठोकत होता आणि खाली ती दारात स्टुलावर उभी राहून नवी जुडी बांधत होती. हाताला फडकं नव्हतं. उघड्या हातांनी, सावकाश, मध्येच वर त्याच्याकडे बघत. आव्रामचा हातोडा थांबला. बचनाग कातडीतूनसुद्धा भिनतो. ओरडून सांगावं तर गाव म्हणेल, बघा, याला बचनाग किती झोंबतो. तो पुन्हा खिळे ठोकू लागला आणि घरी जाताना गिरणीवाल्याच्या बायकोकडे निरोप ठेवला, की राफिलाला म्हणावं हात धू. निरोप पोचल्यावर राफिलाने कपाळाला हात लावला, म्हणे.

पुढच्या वर्षी तिचं छप्पर पुन्हा गळू लागलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. आव्रामने बसवलेल्या फळ्या वीस वर्षं हलत नाहीत हे पोराटोरांना ठाऊक होतं, फक्त आव्रामला आपलं काम कच्चं राहतंय असं वाटून लाज वाटायची. तो वर, ती खाली, आणि शिडीच्या पायऱ्यांवरून मक्याचा गरम सांजा, वर लोणी, आणि गप्पा. एकदा तिने सरळ विचारलं, की आत येऊन जेवायला काय होतं तुला? तो म्हणाला, उंची.

यंदा सणाच्या आदल्या दिवशी सकाळी गिरणीत कळलं, की राफिलाची मुलगी क्लुज शहराहून आली आहे. गाय विकली, ट्रंक भरली, शनिवारच्या मोटारीने आईला कायमची घेऊन जाणार. आव्राम आपलं पोतं गिरणीतच विसरून घरी आला. खाटेवर बसला आणि स्वतःला शिव्या देऊ लागला. शेजारी म्हणून त्या मी कुंपणापलीकडून ऐकल्या. लांडगा ही त्यांतली सगळ्यात सौम्य होती.

आमच्याकडे लग्नाचं बोलणं कुंपणावरून केलेलं धरत नाहीत, आणि शिडीवरून तर नाहीच. पुरुषाने घरात जायचं, आपली टोपी आतल्या खुंटीला अडकवायची आणि बसायचं. बाईने टोपी परत हातात दिली तर नकार. राहू दिली तर झालं. म्हणजे दारातून जाणं भाग होतं. आव्रामने दाढी केली, चांगली कोकराच्या कातड्याची टोपी घातली, आणि मला बोलावून बजावलं, "कोसळलो तर अवजारं तू घे. आणि राफिलाला सांग, छपराच्या पूर्वेच्या कोपऱ्याकडे लक्ष ठेव." मी हसलो. तो हसला नाही.

मी फाटकाशी थांबलो. राफिला आत चुलीपाशी होती, मुलगी चर्चला गेलेली. आव्राम दारासमोर आला, छातीवर क्रूसाची खूण केली, डोळे घट्ट मिटले आणि निघाला. चाळीस वर्षं दारं उंचीला लहान असल्याची सबब सांगणारा माणूस नेमका त्या दिवशी वाकायला विसरला. कपाळ चौकटीवर असं आपटलं की मला फाटकापर्यंत ऐकू आलं. टोपी मागे अंगणात उडाली, खिळ्यावरची जुडी निसटली आणि तो जुडीसकट उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसला.

"गेलो," आव्राम शांतपणे म्हणाला. "राफिला, मी खरंच होतो गं."

राफिला कणकेच्या हातांनी पुढे आली आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डोळे उघड. आणि मांडीवर काय पडलंय ते बघ. सगळा जन्म डोंगरात गेला ना तुझा?"

त्याने डोळे उघडले. वाळलेलं निळं फूल हातात घेतलं, फिरवलं. बचनागाची टोपी त्याला नव्हती. त्याच्या मागे एक बारीक, वाकडी शेपटी होती. परसात पोरी लावतात ते साधं फूल. आम्ही त्याला शेपट्या म्हणतो. लांब उभं राहिलं तर बचनागाचं जुळं दिसतं, आणि आव्राम त्या दारापासून कायम लांबच उभा राहिलेला.

"हा बचनाग नाही," तो म्हणाला.

"पहिल्या वर्षापासून नाही. तुझ्यादेखत उघड्या हातांनी बांधली होती मी. बचनाग कोण उघड्या हातांनी बांधतं? मला वाटलं, एवढं तरी कळेल. आणि तू काय केलंस? हात धू म्हणून निरोप पाठवलास." तिने मनगटाने नाक पुसलं. "दर वर्षी ही नवी जुडी. दर वर्षी मीच शिडी लावून तुझ्या फळ्या उचकटायच्या. या वयात. पडले असते तर?"

आव्राम कपाळावरचं टेंगूळ चाचपत बसला होता. लाजेने त्याचे कान लाल झाले होते. मग त्याला एक गोष्ट सुचली आणि त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे बचनागाखालून मी अजून गेलोच नाही," तो म्हणाला. "आहे की नाही ते अजूनही ठाऊक नाही, राफिला. उगाच तुला फसवायला नको."

"असशील तर अस," राफिला म्हणाली. "टोपी कुठंय?"

टोपी अंगणातल्या चिखलात पडली होती. आव्राम उठायला गेला तर तिने त्याला हाताने खाली बसवलं, स्वतः बाहेर आली, टोपी उचलली, परकरावर दोनदा झटकली आणि आत जाऊन खुंटीला अडकवली. मग फाटकाशी मला बघून म्हणाली, की आता आलाच आहेस तर ती ट्रंक उचलून माळ्यावर टाक.