पडवीतला कप

हे सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. विषय निघाला की नातीच्या हुशारीचं कौतुक करून मोकळा व्हायचो. आता त्याचाही वीट आलाय.

मुलगी आजारात गेली, जावयाने दुसरं लग्न केलं आणि दीड वर्षाची नात आमच्याकडे आली. पुढच्याच पावसाळ्यात बायको अंगणातल्या शेवाळावर घसरली, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली. भावकीतले आले, हळहळले, चहा पिऊन गेले. पोरीला सांभाळायला कोणी तयार नव्हतं. मी रत्नागिरीला जाऊन बालगृहाची चौकशीही करून आलो.

तेव्हा बौद्धवाडीतली एक बाई आपणहून आली. तिची मुलं-सुना मुंबईला, दोन नातवंडं तिच्या पदरात.

"दोघं हायत तिथं तिसरी. सकाळी नेते, सांजेला आणून सोडते."

तिने पोरीला पेज भरवली, तापात उशाशी बसली. पोर तिला आजी म्हणू लागली.

आणि मी? आमच्या पडवीत वळचणीला एक कान तुटलेला कप खोचलेला असे. वडिलांच्या काळापासून त्या वाडीतल्या माणसांसाठी तोच. आत कोळ्याची जाळी, पालीच्या लेंड्या. बाई संध्याकाळी तो काढायची, नळावर विसळायची, मी वरून चहा ओतायचो. जिच्या हातचा घास माझ्या नातीच्या पोटात जात होता, तिला हा कप! शाळेत मी समतेचे धडे शिकवायचो. 

एकदा बाईने खाली ठेवलेला तो कप पोरीनेच ओठाला लावला. मी हिसकावला आणि तिच्या तोंडात मारली.

"घाण आहे तो!"

"पण आजी पिते की," पोर रडत म्हणाली.

बाई समोरच उभी होती. तिने पोरीला पोटाशी धरलं. "तिला कशाला मारताय, गुरुजी? घाण हाय तर घासून ठेवायचात."

ती आता येणार नाही, पोरीला बालगृहात सोडावं लागणार, हे मी धरूनच चाललो होतो. सकाळी ती अंगणाच्या कडेला हजर.

"तुमच्यासाठी नाय आले," माझ्याकडे न बघता म्हणाली. "चल गो बाय."

चहा मात्र तिने पुन्हा घेतला नाही. मी कप फेकलाही नाही.

पोर मोठ्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा बाईला मुलाने मुंबईला बोलावलं. निरोप घ्यायला आली. मी तिला पडवीत खुर्ची दिली, कपाटातली कपबशी काढली.

"काय वो गुरुजी, आज बशीसकट? जुना फुटला काय?"

"हो, फुटला."

तो तिच्या डोक्यावर, वळचणीलाच खोचलेला होता. तिने वर पाहिलं. चहा तसाच ठेवून उठली.

तिची पिशवी घेऊन मी थांब्यापर्यंत गेलो. वाटेत पावसाचं बोललो, रस्त्यातल्या खड्ड्यांचं बोललो. एसटी आली. 'बाई, माझं चुकलं' एवढंच म्हणायचं होतं. पिशवी वर दिली आणि म्हणालो, "खिडकीजवळ बसा."