रपट्यावरचा हॉर्न

"आधी रस्ता दाखवा, मंग गाडी दाखवतो."

मूल गावी जुनी गाडी घ्यायला गेलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं आहे. राईस मिलच्या भिंतीला लागून भाऊचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाचं शेड, सात-आठ गाड्या आणि एकच प्लास्टिकची खुर्ची. त्या खुर्चीवर गिऱ्हाइकाला कधी बसायला मिळालं नाही, कारण तिच्यावर भाऊ स्वतः बसलेला असायचा. वाक्य बोलून झालं की तो उठायचा, अंगावर उडालेला धानाचा कोंडा झटकायचा आणि गिऱ्हाइकाच्याच मोटरसायकलवर मागे बसून म्हणायचा, "चला."

म्हणजे तुम्ही गाडी बघायला गेलात आणि हा माणूस तुमचं गाव बघायला निघाला. घर, फाटक, शेताकडची वाट, मधला नाला. चालवणार कोण, मागे कोण बसणार, म्हातारीचे गुडघे कसे आहेत. मुलीसाठी स्थळ बघायला आल्यासारखा तो घरभर फिरायचा आणि चहाही दोनदा घ्यायचा. एका सरपंचाला मोठी पांढरी गाडी हवी होती. भाऊने त्याच्या फाटकासमोर उभं राहून दोन्ही हात पसरले आणि सांगितलं, "फाटक मोठं करा, नाई तं गाडी लहान घ्या." सरपंच चिडून वरोऱ्याहून गाडी घेऊन आला. पुढच्या आठवड्यात त्याने फाटकाचा एक खांब पाडला.

रस्ता पाहून झाला की मग भाऊ गाडी दाखवायचा, आणि दाखवताना आधी तिचे ऐब सांगायचा. सगळेच्या सगळे, बोटांवर मोजत. आपल्या मालाची इतकी बदनामी करणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. लोक त्याला हसायचे आणि गाडी मात्र त्याच्याकडूनच घ्यायचे.

मीही हसणाऱ्यांत होतो. तहसीलमध्ये कारकून असल्यामुळे मला थोडी अक्कल जास्त आहे असा माझा तेव्हा समज होता.

माझी बायको नर्स आहे. तिचं उपकेंद्र सावली गावाच्या बाजूला जंगलात. मध्ये बांबूचं रान लागतं आणि रानाच्या मधोमध नाल्यावर एक रपटा, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल. रोज सकाळी ती स्कूटीने जायची आणि दिवस बुडायच्या सुमाराला परत यायची. त्या वर्षी मोहा वेचायला गेलेल्या एका बाईला रपट्याजवळ वाघाने नेलं. त्या दिवसापासून पाच वाजले की माझं कामात लक्ष लागेना. मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

म्हणून मी भाऊकडे गेलो. त्याने त्याचं वाक्य म्हटलं.

"रस्ता काय बघायचा? सरकारी रस्ता आहे," मी म्हणालो.

"म्हनूनच पाहा लागते, बाबूसाहेब."

मला राग आला आणि मी नागपूर गाठलं. तिथे एका मोठ्या कंपनीचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे, काचेचं, थंडगार. मला बसायला सोफा मिळाला, कॉफी मिळाली आणि आयुष्यात जितक्यांदा कोणी 'सर' म्हटलं नव्हतं तितक्यांदा एका तासात म्हटलं. शेकडो तपासण्या केल्याचा कागद दिला. गाडीवर लाल कापड टाकलं, आम्हाला ते ओढायला लावलं आणि हातात दारापेक्षा थोडीच लहान अशी पुठ्ठ्याची किल्ली देऊन फोटो काढला. रंग कोणता आवडतो ते विचारलं. ही गाडी जाणार कुठे, ते कोणी विचारलं नाही. कंपनीने फसवलं असं मी म्हणणार नाही. गाडी चांगलीच होती, फक्त ती नागपुरात राहायला हवी होती.

मूलला आल्यावर मी मुद्दाम ती भाऊच्या दुकानासमोरून नेली. तो खुर्चीवरून उठला, गुडघ्यावर बसला आणि गाडीखाली हात घातला.

"एक वीत बी नाई." मग त्याने वर पाहिलं. गाडीच्या छताला काचेची खिडकी होती आणि मला तिचाच जास्त अभिमान होता. "वाघाले वरून हात घालाची सोय बी करून देली," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

तिसऱ्या आठवड्यात रपट्याचा उखडलेला दगड गाडीच्या पोटाला लागला. चेंबर फुटलं, ऑइल सगळं वाहून गेलं आणि गाडी रपट्यावरच बसली. आत बायको एकटी. ऊन बांबूच्या शेंड्यांवर गेलेलं. तिचा फोन आला आणि तिने एवढंच सांगितलं, "काचा लावून बसली आहे."

मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा असं करत एक अतिशय नम्र आवाज आला. त्याने हिंदीत विचारलं, जवळची खूण काय आहे? मी म्हटलं, वाघ. त्याने ते लिहून घेतलं असावं. गाडी उचलायला उद्या अकरा ते चारच्या मध्ये माणूस येईल, असं सांगून त्याने मला शुभ दिवस चिंतला.

मी भाऊकडे धावत गेलो. त्याने काही विचारलं नाही. दारं नसलेल्या जीपमध्ये बसला, मला ओढून घेतलं आणि अशी काही जीप हाणली की वाघाची भीती मी त्या वेळापुरती विसरलो. बायको लसींचा डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि तिची नजर छताच्या काचेवर होती. भाऊने साखळी बांधली. माझ्याकडे न बघता तो तिला म्हणाला, "बाई, आता तरी रस्ता पाहू द्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला रस्ता दाखवला. त्याने रपटा विती-विती मोजला. रपट्याच्या पुढे पाच-सहा घरांचा टोला आहे, तिथे एका म्हाताऱ्या गोंड आजोबांचं किराणा दुकान. भाऊ आत गेला आणि अर्धा तास त्यांच्याशी बोलत बसला. आम्ही बाहेर घाम पुसत होतो. फुकटचा चहा दिसला की हा माणूस हलत नाही, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा.

मग त्याने आम्हाला गाडी दिली. उंच, जुनी, शिळ्या भज्यांच्या रंगाची.

"ऐब आयका. डाव्या दाराची काच अर्धीच उतरते. मागच्या सीटवर पावसाचं पानी टपकते, टॉवेल ठेवा. पयला गिअर सकाळी रुसते. आन् हॉर्न."

"हॉर्नला काय झालं?"

"ट्रकचा लावला आहे. याले रोज घरी येतानी रपट्यावर एक डाव लंबा दाबा लागते. नाई तं जाम होते."

"रपट्यावरच? रपटा आला हे हॉर्नला कसं कळतं?"

"त्याले कळते जी. तुमाले नाई कळनार."

माझी बायको डॉक्टरच्या चिठ्ठीवरही दोनदा शंका घेते. तिने भाऊचं मात्र ऐकलं. त्या हॉर्नने पुढे चार वर्षं आमची अब्रू घेतली. मावसभावाच्या लग्नात त्याच्यामुळे बँड थांबला. तहसीलच्या आवारात एकदा वाजला तेव्हा साहेबांच्या शर्टावर चहा सांडला. तो बदलून घ्यायला मी तीनदा भाऊकडे गेलो. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "तेवढा ऐब राहू द्या, बाबूसाहेब."

या हिवाळ्यात भाऊ गेला. त्याच खुर्चीत, बसल्या बसल्या. स्मशानघाटाकडची वाट अतिशय खराब आहे, पण त्या दिवशी तिच्यावर गाड्यांची रांग लागली आणि एकही कुठे अडकली नाही. शेडमधल्या गाड्या पुढे नागपूरचा एक माणूस ट्रेलरवर चढवून घेऊन गेला. त्या कोणत्या रस्त्यावर जाणार, ते त्याने विचारलं नसणार.

भाऊ गेल्यावर चार दिवसांनी टोल्यावरचे दुकानदार आजोबा एसटीने तहसीलमध्ये आले. मला शोधत टेबलापाशी उभे राहिले.

"सिस्टरबाईचे मालक तुम्हीच का जी?"

मी हो म्हटलं.

"भाऊनं मले काम सांगतलं होतं. दिवस बुडाच्या आंदी रपट्यावरचा हॉर्न आयकाचा. वाजला तं आपलं दुकान पाहाचं. नाई वाजला तं भाऊले फोन कराचा, मंग तो जीप घेऊन निंगन. चार सालात दोनच डाव फोन केला. दोनी डाव बाई अचानक सुट्टीवर होत्या, बाकी सुट्ट्या मले आंदीच ठाऊक राहे. भाऊ रपट्यापरेंत येऊन पाहून गेला. तुमाले सांगू नको म्हने, बाबूसाहेबाले आंदीच भेव वाटते."

प्रत्येक गाडीचा प्रत्येक ऐब खरा सांगणारा माणूस, आणि आम्हाला एक खोटा सांगून गेला. मी त्याला चहाचा हावरट म्हटलं होतं. मला माझी लाज वाटली.

"आता भाऊ नाई," आजोबांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. "हॉर्न नाई वाजला तं फोन कोनाले करू?"

मी त्यात माझा नंबर घालायला लागलो तर त्यांनी माझा हात धरला. "नवीन नका टाकू जी. मले वाचता येत नाई. भाऊचा जिथी आहे तिथीच टाका, ते बटन मले पाठ आहे."

तेव्हापासून त्या फोनमध्ये भाऊच्या नावावर माझा नंबर आहे. दुचाकीवर बायकोपर्यंत जाण्यात अर्थ नाही म्हणून भाऊची ती दारं नसलेली जीप मी त्याच्या घरच्यांकडून मागून घेतली, आणि पाच वाजले की तिची किल्ली आणि माझा फोन टेबलावर शेजारी ठेवून बसतो. बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही. ती रोज रपट्यावर लांब हॉर्न देते, जाम होऊ नये म्हणून.