अप्पांचे व्हिलन

आमच्या लातूरच्या घरात दोन पार्ट्या होत्या, लालवाले आणि काळेवाले. राजकारणाशी काही संबंध नाही हे आधीच सांगते, नाहीतर लोक भलतंच धरून बसतात. सुपरहिरोंचे इंग्रजी सिनेमे काढणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या आहेत. एकीचे हिरो रंगीत कपड्यांत, हसत-खेळत, टोळीनं मारामारी करतात. ते आमचे लालवाले. दुसरीचे हिरो अंधारात, पावसात, कपाळाला आठ्या घालून एकेकटे उभे असतात, ते काळेवाले. ही नावं माझ्या नवऱ्यानं पाडली होती. तो कट्टर लालवाला. लग्न होऊन मी नांदेडहून लातूरला आले तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या वर्षातच त्यानं मागचे सगळे सिनेमे हिंदीत दाखवून माझी तयारी करून घेतली.

त्याचा एक खेळ होता. सिनेमा सुटला की बाहेरच्या चहाच्या गाड्यावर बसायचं आणि पुढच्या सिनेमातला व्हिलन कसा असेल ते रचायचं. नियम एकच: व्हिलनचं म्हणणं निम्मं तरी खरं पाहिजे. उगाच खदाखदा हसणारा आणि जग बुडवायला निघालेला चालणार नाही. मी काही सुचवलं की विचारायचा, "आधी सांग, त्याचं दुखतंय काय?"

माझे सासरे, अप्पा, मोंढ्यातल्या धान्यबाजारात आडत्या. त्यांना या सिनेमांचा मनस्वी राग. "प्यांटीवरून चड्डी घालणाऱ्या माणसाचं काय बघायचं रे?" नवरा प्रत्येक वेळी निघताना विचारायचा, "अप्पा, चला की एकदा." अप्पांचं उत्तर ठरलेलं, "सौदा निघायचाय." म्हणजे मोंढ्यातला त्या दिवसाचा भाव ठरायचाय. मग आम्ही दोघंच जायचो.

एका वर्षी पाऊस उघडल्यावर डेंगीची साथ आली आणि माझा नवरा गेला. ताप उतरला म्हणून आम्ही हसत होतो, आणि उतरलेल्या तापातच तो गेला. आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. त्याला मांडी घालून बसवला, कपाळाला विभूती लावली. सिनेमा संपून नावं सरकायला लागली की सगळं थिएटर उठायचं, हा एकटा असाच बसून राहायचा. कारण नावं सरून गेल्यावर शेवटी एक तुकडा येतो आणि त्यात पुढचा व्हिलन दिसतो. मला वाटलं, हा आत्ता माझा पदर ओढून म्हणेल, "बस गं, अजून यायचंय." मी तिथंच खाली बसले. बायांनी धरून उठवलं.

त्याचा मोबाईल अप्पांकडं होता. एका सकाळी अप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मोबाईल दोन्ही हातांत धरलेला, प्रसाद धरावा तसा. म्हणाले, "माय, यानं तिकिटं काढून ठेवली हायत. उद्याची. मेसेज आलाय."

मला रडू फुटलं. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ द्या, कुणाला तरी देऊन टाका." दुसऱ्या दिवशी अप्पा मात्र इस्त्रीचं धोतर नेसून, टोपी घालून माझ्यापुढं आले. "चल. त्याला बघायचं होतं ना ते? मग कुणी तरी बघायला पाहिजे."

गल्लीत बभ्रा व्हायचा तो झालाच. समोरच्या काकूंनी भर रस्त्यात अप्पांना गाठलं. "आत्ता आत्ता नवरा गेलाय तिचा, अन् तुम्ही तिला पिच्चर दाखवून राहिले?" अप्पा म्हणाले, "तुम्ही बी चला की, बाल्कनीत लई जागा हाय." काकू चार महिने आमच्याशी बोलल्या नाहीत. सुख होतं ते.

थिएटरात अप्पांनी चपला काढल्या, खुर्चीवर मांडी घातली आणि प्रत्येक नव्या माणसाला मोठ्यानं विचारायला लागले, "हा आपला का त्यांचा?" पुढच्या रांगेतली पोरं खिदळली. मध्यंतरापर्यंत मी रडत होते, नंतर मलाच हसू यायला लागलं आणि हसल्याबद्दल परत रडू. सिनेमा संपला, लोक उठले, झाडूवाला आला. अप्पा उठेनात. "तो बसायचा म्हणालीस ना शेवटपर्यंत?" आम्ही बसलो. नावं सरली आणि अंधारातून नवा व्हिलन डोकावला. अप्पा खुर्चीतून पुढं सरकले. "म्हणजे एवढा मार देऊन बी हे संपत न्हाई?"

"न्हाई अप्पा. पुढचा येतोच."

"संसारच झाला की हा."

बाहेर चहाच्या गाड्यावर ते आपणहून बसले. कप हातात घेऊन चहावरची साय बोटानं बाजूला केली. मग म्हणाले, "त्यानं मला लई डाव बोलावलं. मी म्हणायचो सौदा हाय. सौदा काय, रोजच निघतो." माझ्या बशीतला चहा थंड झाला.

त्या दिवसापासून अप्पा माझे पार्टनर झाले. नवा सिनेमा लागला की आम्ही दोघं. आणि गंमत म्हणजे अप्पा निघाले काळेवाले! मोंढ्यात पोत्यात हात घालून मूठभर तूर तळहातावर घेतात, फुंकर मारतात आणि भाव सांगतात, तसंच त्यांनी दोन्ही कंपन्यांचं केलं. "लालवाल्यांचा माल दिसायला झकास, पण फुंकलं की कोंडा उडतो. काळेवाल्यांचा माल जरा ओला हाय, सारखा पाऊसच. पण वजनाला खरा."

"ओला कशाला घ्यायचा मग?"

"अगं माय, लालवाल्यांत मेलेलं माणूस परत येतं! एकजण बी मेलेला राहत न्हाई. ह्यो खोटा माल हाय. काळेवाल्यांत गेलेला गेला. त्याच्यासाठी तो हिरो जन्मभर झुरतो, पण उगंच कुणाला उठवून आणीत न्हाई."

यावरून आमची कडाक्याची भांडणं व्हायची. मला लालवालेच आवडायचे, आणि नेमक्या त्याच कारणानं. मेलेला हिरो धुळीतून उठून उभा राहिला की माझ्या अंगावर काटा यायचा. माहीत असतं हो खोटं आहे ते. पण दोन तास खोटं खोटं का होईना कुणीतरी परत येतं, तर येऊ द्या की! अप्पा मात्र त्या वेळी खुर्चीत चुळबुळ करायचे, तोंड फिरवायचे. एकदा तर भर सिनेमात ओरडले, "खोटा माल!" डोअरकीपर बॅटरी घेऊन आला.

व्हिलनचा खेळही अप्पांनी उचलला. त्यांचा पहिला व्हिलन असा होता की तो जगातल्या सगळ्या तराजूंतलं वजन काढून घेतो. सोनं आणि भुसा सारखंच भरतं. "त्याचं दुखतंय काय?" मी विचारलं. "त्याला जन्मभर कुणी मापात धरलं न्हाई." मी उडालेच. मी पाणी पळवणारा व्हिलन काढला, तर म्हणाले, "लातूरला त्याचं काय नवल? तो इथलाच रहिवासी हाय." जमीन हलवणारा सुचवला तर एवढंच म्हणाले, "तो आपल्याकडं होऊन गेला." त्यावर मात्र आम्ही दोघंही हसलो नाही.

अशी वर्षं गेली. मग नांदेडहून माझे वडील एक स्थळ घेऊन आले. नांदेडचाच माणूस, औषधांचं दुकान, बायको वारलेली, मूलबाळ नाही. आमच्यात विधवेचं लग्न काही अक्रीत नाही. पण मी ताटावरून उठले. म्हटलं, मला या घरातून कुठंही जायचं नाही, परत विषय काढाल तर बघा. मला भीती वाटत होती ती सरळ होती: मी गेले की त्याच्याबद्दल बोलणारं कुणी राहणार नाही. लालवाले, काळेवाले, चहाचा गाडा, सगळं पुसलं जाईल. आणि अप्पा? अप्पा कुणाबरोबर जातील?

वडील हिरमुसले होऊन परत गेले. शुक्रवारी नवा सिनेमा होता. आम्ही गेलो, शेवटच्या तुकड्यापर्यंत बसलो आणि गाड्यावर आलो. अप्पा म्हणाले, "आज मी सांगतो व्हिलन."

"सांगा."

"ह्याच्याकडं हत्यार न्हाई. उडता येत न्हाई. चांगला माणूस हाय, घरात सगळ्यांचं करतो. त्याची ताकद एवढीच की तो नुसता म्हणतो, 'थांब गं माय', अन् समोरचं माणूस थांबतं. वर्षानुवर्षं थांबतं. त्याचे केस पांढरे होतात, तरी थांबतं."

मला 'माय' म्हणणारा माणूस एकच होता. तरी मी भांडले. "नाही पटला मला हा. त्याचं म्हणणं निम्मं खरं कुठंय?"

"हाय की. तो जीव लावतो, तेवढं खरं हाय."

"मग त्याला मारणार कोण?"

"मारायला लागत न्हाई. आपण उठून निघालं की झालं." एवढं बोलून त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. माझ्याकडं बघितलं नाही. "तुझ्या बापाला फोन कर. मी बी बोलतो."

मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की घरापर्यंत चार पावलं पुढंच चालत राहिले. आणि घरी येऊन फोन केला.

नांदेडचा माझा संसार बरा चालला आहे. नवरा शांत आहे. सिनेमा संपल्यावर मी बसून राहते तेव्हा तो "चला" म्हणत नाही, मोबाईल बघत शेजारी बसतो. त्याला सगळं सांगितलेलं आहे. जाताना मी अप्पांना एकच अट घातली होती: सिनेमा सोडायचा नाही. मी नांदेडला बघीन, तुम्ही लातूरला बघा, एकाच दिवशी, एकाच खेळाला, आणि सुटला की फोन. अप्पांनी अट पाळली. माझा शेवटचा तुकडा बघून होतो न होतो तोच फोन वाजायचा. "बघितला का गं? ह्या डाव लईच कोंडा हाय." मग व्हिलन. कधी त्यांचं थोडं चुकायचं. थोरला भाऊ मेला असेल तर धाकटा म्हणायचे. मी चिडवायचे, "अप्पा, झोपला होता ना?" "हाव, लागला जरा डोळा," म्हणायचे. अप्पा अजून जातात, एकटे का होईना जातात, या एका गोष्टीवर मी निश्चिंत होते. आपण त्यांना टाकून आलो नाही असं वाटायचं.

परवा मामेबहिणीच्या लग्नाला लातूरला गेले होते. नेमका त्याच दिवशी लालवाल्यांचा मोठा सिनेमा लागला. ठरवलं, अप्पांना न सांगता शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसायचं. घरी गेले तर सासूबाई म्हणाल्या, "ते गेले की पिच्चरला. तू सांगितलंय म्हणून ऊन बघत न्हाईत, पाऊस बघत न्हाईत." मला आनंदानं भरून आलं. रिक्षा करून थिएटर गाठलं. खेळ सुरू होऊन बराच वेळ झाला होता.

चहाच्या गाड्याजवळच्या बाकावर अप्पा बसले होते. इस्त्रीचं धोतर, टोपी, हातात रिकामा कप. सिनेमा आत चालू होता आणि ते बाहेर बसून बंद दाराकडं बघत होते.

मला बघून ते दचकले. मी विचारलं, "अप्पा, आत का नाही?"

त्यांनी खिशातून तिकीट काढून दाखवलं. अख्खं होतं, दारावर फाडतात तसं फाडलेलं नव्हतं. "तिकीट काढतो मी. दर डाव काढतो. तू गेल्यावर एकदा आत गेलतो. दिवे गेले अन् शेजारी हात घातला तर खुर्ची रिकामी. ह्या बाजूला बी, त्या बाजूला बी. मला श्वासच घेता येईना, माय. तवापासून इथंच बसतो. सुटलेल्या लोकांना विचारतो काय झालं ते, अन् तुला फोन करतो."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तू आली असतीस ना निघून."

आले असते. पहिल्याच फोनला आले असते. मला त्यांचा राग आला, माझी लाज वाटली आणि एवढी माया दाटली की मी भर रस्त्यात हुंदके देऊन रडले. अप्पा घाबरे झाले. "अगं रडू नको, लोकं म्हणतील पिच्चर लईच वाईट हाय." मी म्हटलं, "चला आत, मी आहे शेजारी." त्यांनी मान हलवली. मग मीही गेले नाही. गाडेवाल्यानं न मागता दोन चहा दिले आणि आम्ही बाकावर बसून सिनेमा सुटायची वाट बघत राहिलो.

दारं उघडली. माणसं बाहेर आली. अप्पा थांबले होते, अजून शेवटच्या तुकड्याला बसलेले लोक यायचे होते. सगळ्यात शेवटी एक जाडजूड गृहस्थ आले, त्यांना अप्पांनी हात केला. "काय झालं हो शेवटी? कोण आलं?"

"अहो, कमाल केली!" गृहस्थ म्हणाले. "तो मागच्या भागात मेलेला पोरगा होता ना, तो परत आला!"

गृहस्थ गेले. मी अप्पांकडं बघितलं. आता 'खोटा माल' म्हणतील, मी भांडायला तयारच होते. अप्पा हातातल्या कपाकडं बघत होते.

"येऊ दे," ते म्हणाले. "कुणाचं तरी लेकरू येऊ दे."