खिडकीतला रंग, ट्यूबचा रंग

शेडकाका विकत घ्यायचं कापड आधी रस्त्यावर नेत. माझ्या फ्रॉकचं कापड घेऊन ते दादरच्या दुकानातून थेट फुटपाथवर गेले तेव्हा मागे मीटरपट्टीसकट दुकानदार धावला आणि त्याच्यामागे लाजेनं अर्धमेली झालेली माझी आई.

गिरणीच्या रंगखात्यात ते रंगवलेल्या कापडाची शेड नमुन्याशी जुळवत. खिडकीपाशी जुळलेलं कापड कधीकधी ट्यूबलाइटखाली दगा देतं, म्हणून प्रत्येक तुकडा दोन्हीकडे बघत. "दोन उजेडांत टिकात, ता खरा," ही त्यांची व्याख्या. ती ते पेरूपासून जावयापर्यंत सगळ्यांना लावत.

लालबागच्या चाळीत ते आमचे शेजारी. बाबा त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, आणि काकांची खोडी काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

"मगे कापडाचो खरो रंग खयचो रे? खिडकीतलो की ट्यूबचो?"

"गिराइक जंय घालतला, थंयचो!"

मला ते उत्तर म्हणजे पळवाट वाटायची. ती पळवाटच होती का, हे अजून ठरत नाही.

मग संप झाला. महिने लोटले, आईची छाती बिघडली. इंजेक्शनं चुकली तर ती हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि बाबा खाली मान घालून कामावर गेले. गेटावर उभ्या असलेल्या संपकऱ्यांत काका होते. "फितूर," एवढंच ते म्हणाले आणि त्यानंतर कित्येक वर्षं बोलले नाहीत. गॅलरीत बाबा समोर आले की ते भिंतीकडे बघत. मला त्यांचा भयंकर राग यायचा. पेरूला दोन उजेड आणि माझ्या बाबांना एकच?

गिरणी गेली. बाबांनी अंथरूण धरलं. एका दुपारी काका दारात येऊन उभे राहिले. आत यावं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

"जना, तुका मी फक्त गेटार बघलंय. घरात नाय बघलंय."

बाबांनी उशीवरची मान दाराकडे वळवली.

"तू संप फोडलंस, ता खरा. वयनी वाचली, ता पण खरा."

बाबांच्या डोळ्यांत जुना खट्याळपणा आला. "मगे त्यातला खरा खयचा?"

काकांनी चौकटीला हात टेकवला. "ता माका अजून जुळवूक नाय जमला."

बाबांनी पाय आखडून घेतले आणि खाटेवर त्यांना बसायला जागा केली.