रिकामा कोपरा

शटरिंग उतरलं आणि लायब्ररीच्या हॉलच्या कोपऱ्यात भिंतच नव्हती. दोन्ही बाजूंच्या भिंती ठणठणीत उभ्या. मध्ये जमिनीपासून वरपर्यंत हातभर फट, आणि फटीतून आडव्या गेलेल्या सळ्या. बाहेर ग्रेटर नोएडाचं जानेवारीतलं धुकं. ते फटीतून सावकाश आत येत होतं.

शटरिंग म्हणजे काँक्रीटचा साचा. ते माझं काम. आमच्या आर्किटेक्ट सरांच्या इमारतींना गिलावा नसतो, रंग नसतो. साच्याच्या फळ्यांच्या रेषा काँक्रीटवर उमटतात, तशाच राहतात. दुरुस्ती केली तर ठिगळ जन्मभर दिसतं. म्हणजे भिंत पाडायची तर सगळीच.

माझा फोरमन रामकिशन शांत होता. "साहब ने खुद फोन पे कहा, वो कोना खाली रखना. हमने खाली रखा."

मला आधी हसू आलं, मग संताप. सर मूळचे पुण्याचे. सगळं आयुष्य दिल्लीत गेलं, पण विचार अजून मराठीत. त्यांना कोपऱ्यातली भिंत खाली, म्हणजे बुटकी हवी होती. वर काच येणार होती. रामकिशन गोरखपूरचा. त्याच्या हिंदीत खाली म्हणजे रिकामं.

सरांभोवती आमचं एक वर्तुळ आहे. इमारतीचं गणित करणाऱ्या सक्सेना मॅडम, लाइटिंगवाले, बागवाले, मी. करार वगैरे काही नाही. सरांचा फोन आला की आपण आत. एका कामात नाव खराब झालं की फोन थांबतो, मग त्यांच्या शिष्यांचेही थांबतात. करोल बागेत दुकानांचे माळे ठोकत ठोकत मी इथवर आलो होतो. मला परत तिकडे जायचं नव्हतं.

सर मॅडमना घेऊन आले. फटीत हात घालून पाहिला.

"शिंदे, पाडा."

"पाडतो. पण चूक कोणाची, ते क्लायंटसमोर आधी ठरू दे."

"मी स्पष्ट सांगितलं होतं. खाली."

"मराठीत सांगितलंत, सर. तेही मला वगळून, माझ्याच माणसाला."

माझा आवाज चढला होता. हे दोघं कशावरून भांडतायत, असं मॅडमनी रामकिशनला विचारलं. "एक ही लफ्ज़ पे, मॅडम," तो म्हणाला.

तेवढ्यात धुकं विरळ झालं. फटीतून उन्हाची एक पट्टी आत आली, जमिनीवर लांब झाली आणि समोरच्या भिंतीवर चढू लागली. फळ्यांच्या रेषा पाण्याखाली असल्यासारख्या हलायला लागल्या. सगळा हॉल जमिनीपासून जरासा उचलला गेलाय, तरंगतोय, असं वाटलं. मीही भांडण विसरलो, आणि मी सहसा विसरत नाही.

हे उभं राहील का, असं सरांनी अगदी हळू विचारलं. मॅडमनी हिशेब मांडला. भिंती आपापल्या उभ्या राहतील, वरचा बीम जाड करावा लागेल, मग सळ्या कापता येतील.

"राहू दे," सर म्हणाले.

मी संधी सोडली नाही. झालेल्या चुकीबद्दल कुठेही बोलणार नाही, पण उद्घाटनाच्या पाटीवर शटरिंगवाल्याचं नाव पाहिजे, असं सांगितलं.

"बघू," सर म्हणाले.

उद्घाटनाला सर इंग्रजीत बोलले. कोपरा नाकारण्याची कल्पना म्हणे त्यांच्या मनात फार वर्षांपासून होती. टाळ्या पडल्या. पाटीवर मॅडम होत्या, लाइटिंगवाले होते, बागवालेसुद्धा होते. मी नव्हतो. रामकिशनला खाली कळलं नाही, ते ठीक आहे. मराठीत बघू म्हणजे काय, हे मला तरी कळायला हवं होतं.

सरांचा फोन अजून येतो. मधे त्या लायब्ररीत जाऊन आलो. मुलं उन्हाच्या पट्टीबरोबर खुर्च्या सरकवत वाचत बसली होती. मी दारात उभा राहिलो, निघावंसंच वाटेना.

आता मात्र नवीन कामात मी आधी पाटीवरचं नाव लिहून घेतो. दराची घासाघीस त्यानंतर.