नवरात्रातले बूट

दिल्लीत ऑक्टोबरात, दसऱ्यानंतरच्या रविवारी एक मॅरेथॉन होती. मला ती पळायची होती, बस्स. पण मुलुंडच्या आमच्या घरात सुनेने पहाटे अर्धी पँट घालून बाहेर पडायचं म्हणजे काय, ते सांगायला नको. म्हणून मी सासूबाईंना थाप मारली, देवीला नवस बोललेय, बेचाळीस किलोमीटर पळून फेडणार. त्या लगेच राजी झाल्या, नवऱ्याचं तोंडही त्यांनीच बंद केलं. सगळा पावसाळा मी भांडुपच्या पंपिंग स्टेशनपर्यंत मजेत पळाले.

मग घट बसले आणि माझा शहाणपणा मलाच नडला. सासूबाई मालवणकडच्या, नवरात्रात पायात काही घालत नाहीत. "नवसाचा पळणा आणि पायात बूट?" म्हणाल्या. अनवाणी पळते, असं सांगून मी बूट पिशवीतून लपवून न्यायला लागले.

पाचव्या माळेला ती पिशवी नवऱ्याच्या हाती लागली.

"आईला फसवतेस? देवीच्या नावावर?" म्हणत त्याने माझाच बूट माझ्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. मी पडले तशी बरगडीत लाथ घातली आणि मग घोट्यावर टाच रोवली. माराचं मला नवल नव्हतं, तो लग्नापासून चालू आहे. पण घोटा त्याने निवडून काढला होता. मी त्याच्या पोटरीचा कडकडून चावा घेतला. तोंडात रक्त आलं, माझं आणि त्याचं. खरं सांगते, बरं वाटलं. त्याने पुन्हा पाय उचलला.

"सोड तिका," सासूबाई देवघरातून म्हणाल्या. "घरात घट बसलेत. दसरो होवंदे, मगे मार."

गॅस बारीक कर म्हणावं, तितक्या सहज. आईचा आज्ञाधारक मुलगा तो, लगेच थांबला आणि आंघोळीला गेला. मी फरशीवर पडून रडले, संतापाने.

घोटा सुजला होता, मोडला नव्हता. मी गुपचूप बर्फाने शेकत राहिले.

नवमीच्या सकाळी तो कामावर गेल्यावर सासूबाई समईत तेल घालत होत्या. मी त्यांच्यासमोर बसून बूट चढवले, नाड्या घट्ट आवळल्या आणि बॅग उचलली.

"खंय चाललंस गो?"

"दिल्लीला."

"आणि उद्या दसरो मा?"

"उद्या मी घरात नाही, आई. त्याला सांगा."